एकशे चाळीस नंबर

महान म्हणजे काय ते मला विचारू नका.
मी मत्रहच्या मासळीबाजारामागे
सालिम बलुशीच्या दुकानात सात वर्षं
कॅसेटी दिल्या, कॅसेटी घेतल्या.
एका रात्रीचे तीनशे बैसा,
रिवाइंड न करता आणली तर पन्नास वर.
माझ्याकडे मत नाही. वही आहे.

गुरुवारी संध्याकाळी रुसैलच्या कॅम्पातून पिकअप भरून माणसं यायची,
केसांत सिमेंट, मानेला अत्तर,
आणि काउंटरवर कोपरं टेकून भांडायची.
जोसेफकुट्टी म्हणे, जगात सिनेमा एकच,
त्यात पाऊण तास कोणी बोलत नाही.
फिदा मुहम्मद वेल्डर म्हणे, न बोलणारी माणसं बघायला पैसे कशाला,
आमच्या खोलीत बारा आहेत.
मोतालेब पहिला नंबर रडक्या सिनेमाला द्यायचा
आणि दुसरा त्याहून रडक्याला.
रात्री दहापर्यंत दहा नावं ठरायची,
पुढच्या गुरुवारी पुन्हा पहिल्यापासून.

मी ऐकायचो आणि टेप तपासायचो.
माणूस जिथे पुन्हा पुन्हा मागे जातो
तिथे ती झिजते, पडद्यावर मुंग्या येतात.
सूडाच्या सिनेमात सूडावर मुंग्या नव्हत्या,
होत्या त्या सुरुवातीला, आई डबा भरून देते तिथे.
नाचावर होत्या, नाही कशाला म्हणू,
पण नाचाहून दाट
एका विनोदी नटाच्या चादर झटकण्यावर.
का, ते झटकणाऱ्यालाच ठाऊक.

आणि मग एकशे चाळीस नंबर. लेबल नाही.
कुणाच्या तरी परत आलेल्या गठ्ठ्यात चुकून आलेली.
मालक सापडेना. सालिम म्हणाला, लाव फळीवर.
लावायच्या आधी पाहिली:
दापोलीकडचं कुठलंसं लग्न,
कॅमेरा परदेशी, चालवणारा शिकाऊ.
नवरी क्षणभर, तीही ओढणीतली,
बाकी अडीच तास मांडवाचा खांब, डेगेवरची वाफ,
एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना कुणी खुर्ची देत नाही.
मधेच तो पोरगा कॅमेरा चालू ठेवून जेवायला गेला असणार,
कारण अकरा मिनिटं नुसती मागली पडवी.
एक मुलगी चपला जोडीने लावते आहे.
कोंबडी येते, विस्कटते.
मुलगी परत लावते.

ती कॅसेट एकाने नेली,
मग त्याच्या खोलीने, मग कॅम्पाने.
मराठीचा गंध नसलेल्यांनी नेली.
फिदानं दोनदा. जोसेफकुट्टीनं चार दिवस दाबून ठेवली,
दंड भरला, कारण सांगितलं नाही.
दोन वर्षांत वहीत दोनशे बारा नोंदी.
तिच्या खालच्या नंबराला एकशे सहा.

शहाऐंशीच्या मार्चात लियाकत हजवाने आला,
सलालाहून, रात्रभर बसमध्ये.
हातात घडीवर फाटलेलं पत्र:
कॅसेट पाठवली आहे, मस्कतला उतरणाऱ्यांबरोबर.
रजा मिळाली नव्हती, निकाह फोनवर झालेला.
पोस्टातल्या काचेच्या खोलीत त्यानं तीनदा कबूल म्हटलं
तेव्हा रांगेतला पुढचा माणूस
बाहेरून नाण्यानं काच वाजवत होता.
आपलं लग्न त्यानं पाहिलं नव्हतं.

वही उघडीच होती. मिटायला गेलो, उशीर झाला.
तो बोट ठेवून नावं उतरत गेला,
सुतार, फिटर, पेंटर, फोरमन,
पान उलटलं, आणखी एक उलटलं.
वाटलं, आता काउंटर डोक्यावर घेईल.
विचारलं एवढंच,
"बरा हाय का?"

मधे झिजलाय, मी म्हटलं.
पडवीपाशी मुंग्या येतात.
"आमची पडवी?"
हो.
"चपला लावतेय ती कोण?"
मला कसं ठाऊक असणार.

त्यानं तीनशे बैसा ठेवले.
सालिम घेईना, तो उचलेना,
नाणी तिथेच राहिली, संध्याकाळी कुणीतरी त्यांचा चहा मागवला.
दोनशे तेरावी नोंद माझ्या अक्षरात आहे,
नाव, तारीख, नंबर.
परत आल्याचा रकाना कोरा.
दंड मी लावलेला नाही.