पाण्यापासून पंचवीस फूट

आगीचा बंब शेडबाहेर काढून बर्फात उभा केला
आणि त्याच्या जागी अठ्ठावीस घडीच्या खुर्च्या मांडल्या.
फरशीवर डिझेलचा डाग आहे, तेवढी जागा सोडून सगळे बसले.
मी टेबलाच्या कडेला. माझं काम लिहिण्याचं.
बावीस वर्षं या टाउनशिपची इतिवृत्तं लिहिते आहे;
माणूस तीन मिनिटं बोलतो
आणि कागदावर त्याची एक ओळ होते.

भिंतीवर नकाशा. पिवळं म्हणजे राहायचं, हिरवं म्हणजे जंगल,
जांभळं म्हणजे अजून ठरायचंय.
तळं निळं. त्याला कुठलंच कलम लागू नाही.

विषय क्रमांक चार : रेइनो हाक्कारैनेन यांची सॉना.
बांधकाम पाण्यापासून पंचवीस फूट हवं,
आणि राहत्या घराखेरीज दुसऱ्या छपराखाली
कोणी रात्री झोपू नये, असा नियम.
सॉना एकोणीस फुटांवर आहे.
आणि रेइनो तिथे झोपतो.
नोव्हेंबरपासून, म्हणजे लेम्पी गेल्यापासून,
घराच्या खिडक्या अंधाऱ्या
आणि काठावरच्या त्या धुराड्यातून पहाटेपर्यंत धूर.
गावात हे कुणाला माहीत नाही?

तक्रारदार ब्रॅडली व्हॉस, शेजारचा प्लॉट.
टमाट्याच्या आकाराचं घड्याळ पिळून ठेवलं.
‘माझं त्यांच्याशी वैर नाही,’ तो म्हणाला,
‘पण माझ्या ओट्यासाठी मी दोन वर्षं थांबलो.
मला सहा इंच कुणी माफ केले नाहीत.’
हे खरं होतं. ते सहा इंच मीच लिहिले होते.

मार्लिस टॉर्विनेन म्हणाली, आज बोट दिलं
तर उद्या हात धरतील, गॅरेजागॅरेजात भाडेकरू —
टमाटा वाजला. वाक्य तिथेच राहिलं.

मग औने काल्लिओ, वय एक्याण्णव, बसल्याजागेवरूनच :
‘मी सॉनातच जन्मले. बाहेर उणे वीस होतं.
ती राहायची जागा आहे की नाही,
हे माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं.’

रेइनो उठला. टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.
‘चौऱ्याहत्तर साली बांधली तेव्हा तीस फूट होते.
मी मोजले होते. ती जागची हललेली नाही.
तळं आलंय. नोटीस त्याला पाठवा.’
हशा. व्हॉससुद्धा हसला.
रेइनो नाही. तो तसाच उभा,
त्याची दोन मिनिटं अजून शिल्लक होती
आणि ती त्याने खाली ठेवली नाहीत.
टमाटा टिकटिकत राहिला. कुणीतरी थर्मासचं झाकण लावलं.
‘तिचे केस मी तिथेच धुतले,’ तो म्हणाला, ‘शेवटी शेवटी.’
मग घंटा.

मी लिहिलं : श्री. हाक्कारैनेन यांनी पाण्याच्या पातळीचा मुद्दा मांडला.

दोन बाजूने, दोन विरुद्ध, एक गैरहजर.
विषय मे महिन्यापर्यंत तहकूब,
बर्फ वितळलं की पाणी नेमकं कुठून सुरू होतं
ते पुन्हा मोजावं, असं ठरलं.

आता हे इतिवृत्तात नाही.
सप्टेंबरात मोजणी झाली तेव्हा
टेपचं पाण्याकडचं टोक माझ्या हातात होतं.
वारा होता. निरीक्षक ओरडला, ‘धरलंस का?’
एक लाट वर आली, मी टोक तिच्या कपाळावर टेकवलं.
लाट मागे गेली. ओली वाळू, पुढे आणखी वाळू,
तीन फूट तरी असेल.
तोवर त्याने आकडा लिहून घेतला होता.
बावीस झाले असते, तरी ते पंचवीस नव्हतेच,
असं मी स्वतःला सांगते.

लेम्पी सॉनाच्या दारात उभी होती, डोक्याला रुमाल बांधून.
तिने लाट पाहिली, माझा हात पाहिला,
आणि विचारलं, कॉफी घेणार का.

मी घेतली. दोन कप.