आवाज कुठं जातो

कुपवाडला, एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही सातजणी हेलिकॉप्टरला अस्तर शिवतो.
छताचा तुकडा, दाराचा तुकडा,
पायलटच्या पाठीमागचा सगळ्यात अवघड, एकवीस भोकांचा.
अख्खं हेलिकॉप्टर कुणीच जवळून पाहिलेलं नाही.
पुराच्या साली गच्चीवरून दिसलं होतं,
पोट तेवढं.

राखाडी कापड, आत कापसासारखं काहीतरी
जे मनगटाला खाजतं
आणि विस्तवात धरलं तरी पेटत नाही.
कुंभोजे साहेब एकेक नग काट्यावर ठेवतात.
चारशे बारा. चारशे अकरा.
माझा एकदा चारशे पंधरा भरला.
म्हणाले, शमशाद, तीन ग्रॅम.
असे साठ तुकडे जोड, एका जवानाच्या दोन भाकरी झाल्या.
मी टीप उसवली. दोरा जादा गेला होता.

दोऱ्याचं मला आधीच कळायला हवं होतं.
आमच्या घरात, मिरजेत, तीन पिढ्या आवाज घडवतात.
अब्बा भोपळा निवडतात पेरानं वाजवून,
मंगळवेढ्याकडचा, वर्षभर माळ्यावर सुकलेला,
जितका पोकळ तितका बोलका.
मग जवारीवर, तारेखाली,
सुताचा एक धागा सरकवतात,
केसाएवढा पुढे,
केसाएवढा मागे.
तोवर तंबोरा नुसताच ठणठणतो.
एका जागी तार उघडते
आणि बोळ भरून जातो.

त्यांच्याकडूनच शिकलेल्या बोटांनी
मी आवाज निजवते.

बरीच वर्षं घरी नीट सांगितलं नव्हतं.
शिवणकाम, एवढंच.
गेल्या रमजानात वीतभर कात्रण घेऊन गेले.
त्यांनी ते उलटंसुलटं केलं, हुंगलं,
तडकलेल्या भोपळ्यात कोंबलं, वर टिचकी मारली.
काही नाही.
परत मारली.
"आवाज कुठं जातो?"

आतल्या आत फिरून दमतो, अब्बा.
दमून थोडा गरम होतो म्हणे.
"गरम?"
हो. हाताला कळणार नाही इतका.

इफ्तारची खजूर तशीच त्यांच्या हातात.
मग म्हणाले, आत बसलेल्यांना
एकमेकांचं बोलणं ऐकू येतं?
पूर्वीपेक्षा बरं, मी म्हटलं.
"आणि कुणी जखमी असला, तर त्याचं कण्हणं?"

आमच्या ड्रॉइंगवर सगळी मापं असतात,
भोकांची, कडांची, टाक्यांमधल्या अंतराची.
मी खरकटी भांडी उचलली.

ईदला गेले तेव्हा त्यांच्या कामाच्या पाटाखाली
कात्रण दिसलं. चार पाय, चार तुकडे.
भिंतीपलीकडे बागवानांची सून बाळंत झालीय,
रात्रीचा पटाशीचा ठोका तिकडं जाऊ नये म्हणून.
मी वाकून पाहिलं.
कातरीनं कापलेले, नजरेच्या मापानं.
काट्यावर घातले असते
तर एका ग्रॅमचा फरक निघाला नसता.