योर्मा पोचेपर्यंत

नियम कुणी लिहून ठेवला नव्हता:
शेवट फोडायचा नाही.
दार फोडा, डोकं फोडा हवं तर,
शेवट नाही.

खेळ आला नोव्हेंबरच्या अखेरीला,
केमी गावात दिवस जेमतेम पाच तासांचा असताना.
केर्टूने तीन रात्रींत संपवला,
पाय प्लास्टरमध्ये होता तिचा, दुसरं करणार काय.
साम्पोने नवव्या दिवशी.
मी सहा डिसेंबरला, पहाटे;
आदल्या संध्याकाळीच समोरच्या म्हाताऱ्याने
दोन मेणबत्त्या खिडकीत आणून ठेवल्या होत्या.
संपल्यावर त्यांच्याकडेच बघत बसले.
कुणाशी बोलणार?

चौथा योर्मा. बर्फफोड्या जहाजावर इंजिनियर.
दहा दिवस समुद्रावर, दहा दिवस घरी,
घरी आई, तिची औषधं, तिची बडबड,
उरलेल्या वेळात खेळ, चाळीस मिनिटं, फार तर.
ज्याचा धंदाच फोडण्याचा
त्याच्यासाठी आम्ही तिघं
एक कवच सांभाळत होतो.

केर्टू लिहायची, आणि वर काळी पट्टी ओढायची.
बोट लावलं तरच अक्षरं दिसायची.
पडदा असा काळा, मध्ये एखादं 'पण', एखादं 'हो ना!'
जसा आमच्याकडचा डिसेंबर.

साम्पोच्या तोंडात तीळ भिजत नाही.
एकदा लिहून बसला: 'योर्मा, कंदील जपून ठेव.'
मिनिटात पुसलं, तरी केर्टू दोन दिवस भांडत होती.
जपून ठेव म्हणजे कामाला येणार,
कामाला येणार म्हणजे अंधार होणार,
मग राहिलं काय?

तेव्हापासून खेळातल्या सगळ्यांविषयी
वर्तमानकाळातच बोलायचं ठरलं.
कोण उरलं, कोण नाही,
याची चहाडी क्रियापदाने करू नये.
फिनिशमध्ये तो आणि ती यांना शब्द एकच,
तेवढी एक सोय होती.
'शेवटी रडशील' हेही फोडणंच.
'काही विशेष नाही रे' हे तर त्याहून वाईट.
त्याने विचारलं, 'मी अजून पुलाशीच आहे, पुढे बरंच आहे का?'
तर आम्ही हवामानावर आलो.
उणे सव्वीस, म्हणालो. वारा उत्तरेचा.

जानेवारी गेला. फेब्रुवारी.
साम्पोच्याही तोंडातला तीळ भिजला, फुगला,
मोड यायच्या बेतात आला.

एप्रिलात केर्टूच्या स्वयंपाकघरात
योर्माने बूट काढले, कॉफी ओतून घेतली,
म्हणाला, 'संपवला.'

मग काय विचारता!
पाच महिन्यांचं बोलणं एकदम सुटलं.
साम्पो खुर्चीवर उभा. केर्टू टेबल बडवतेय,
दालचिनीचे पाव तसेच थंड,
आणि तो दार, तो कंदील, ते शेवटचं वाक्य,
(काय ते सांगत नाही.
तुम्ही कदाचित पुलाशीच असाल.)
योर्मा ऐकत होता.
जिथे दचकायचं तिथे बरोबर दचकत होता.

नंतर मी कप विसळत होते, तो पुसत होता.
हळूच म्हणाला,
'मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
इंजिनरूममधल्या पोराने जेवताना सांगून टाकलं,
मीठ मागावं तसं.'

नळ चालूच राहिला.

'मग बोलला का नाहीस?'

त्याने कपाची कड पुन्हा एकदा पुसली,
कोरडी होती तरी.
'तुम्ही एवढं जपत होता,' म्हणाला.
'जहाजावर रात्री तुमच्या त्या काळ्या पट्ट्या बघायचो.
एकीलाही बोट लावलं नाही.'
आणि दारात बूट चढवताना:
'केर्टूला सांगू नकोस.'

बाहेर बंदरात बर्फाला तडे जात होते,
आपोआप, कुणी न फोडता.

केर्टूला मराठी वाचता येत नाही,
ते एक बरं.