धर्मकाटा, उमरेड रोड

दुपारी दोनला काट्याच्या पत्र्यावर
अनवाणी उभं राहून दाखवा,
मग मला उन्हाचं सांगा.
दिघोरी नाक्याच्या पुढं, डाव्या हाताला,
जिथं कूलरचा वाळा कधीच सुकून गेलाय,
त्या केबिनात मी बसते
आणि वजनं कागदावर उतरवते.

त्या दिवशी कळमन्याहून लो-बेड आला.
वर पिवळं पोकलेन, खाणीत निघालेलं,
सोंड घोड्याच्या दिशेनं टाकून झोपलेलं.
पंधराम ड्रायव्हर खिडकीशी आला, दुपट्टा डोक्यावर.
"त्रेपन्न टन दोनशे. पंचावन्नची पासिंग हाये, ताई.
मारा शिक्का."

मी म्हटलं, पुन्हा घ्या. एकेक पाय वेगळा.
नुसती पुढची चाकं: पाच टन शंभर.
घोड्याची मागची जोडी: सतरा सहाशे.
मग ट्रेलरचे शेपटीकडचे तीन आस:
साडेतीस.
तिथं सत्तावीसच्या वर एक किलो चालत नाही.

"टोटल तं बराबर हाये ना!"

टोटल बरोबर आहे.
पण रस्त्याला टोटल कळत नाही, भाऊ.
त्याला तेवढाच पाय कळतो
जो या घडीला त्याच्या छातीवर आहे.

तो मागं गेला, टायरांपाशी उकिडवा बसला.
तिथले टायर गुडघे टेकल्यासारखे फुगलेले.
"म्हनूनच पुलावर
स्टेअरिंग लोन्यावानी फिरत होतं,"
तो म्हणाला, मला नाही, टायरला.

मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो तेव्हा
लोखंडी कपाट जिन्यानं चढवलं होतं.
वर दिवाकर भावजी, खाली शेजारच्या मालूबाईंचा भाचा.
कपाट कललं की भार खालच्याकडे सरकतो;
वरचा दिशा दाखवतो, आणि ओरडतो.
चढवून झाल्यावर मी पाणी दिलं,
आधी भावजींना.
भाच्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.
हे मला सहा वर्षांनी कळलं,
याच खुर्चीत, आकडे वाचता वाचता.

पोकलेनचंही तसंच.
सोंड दिसते, म्हणून लोक सोंडेला भितात.
वजन असतं पाठीत:
ऑपरेटरच्या मागं लोखंडाचा ठोकळा,
कुणी त्याच्याकडे बघत नाही.
कळमन्यात ज्यानं गाडी भरली
त्यानं सोंडेवरून मध्य धरला असणार.

ऑपरेटर उद्या सकाळच्या बसनं येणार.
किल्ली डब्यात होती. हात नव्हते.
"मले येते," क्लीनर म्हणाला.
इरशाद. मिसरूड नुकतं फुटलेलं.
पंधरामनं त्याला एकदा खालून वर पाहिलं,
मग साखळ्या सोडल्या.

मशीन खोकलं, काळा धूर टाकला.
एक हात पुढं. अजून एक.
अजून चार बोटं.
"बस बे! बस!"
परत साखळ्या, दांड्यानं ताणून.

पाच सहाशे.
वीस आठशे.
सव्वीस आठशे.
मी दोनदा बेरीज केली. तीच.

मडक्यातलं पाणी मी आधी पोराला दिलं.
पंधराम काही बोलला नाही,
गिलास रिकामा व्हायची वाट बघत राहिला.

पावती फाडली. गाडी निघाली,
या वेळी तोंड जमिनीवर टेकवून.
मागं विटांचा ट्रक हॉर्न देत होता,
मी काटा शून्यावर घ्यायला बघते
तर येईना.
पन्नास दाखवतोय.

डोकावले बाहेर.
पत्र्याच्या मधोमध इरशाद,
तुटकी चप्पल बगलेत, हातात भरलेली बाटली,
एकेक पाय उचलत
झाकण शोधतोय.

"अबे, गाडी गेली ना तुही!"

तो पळाला.
काटा जरा थरथरला,
मग शून्य.