डेक सहावा, उजवी बाजू

गोखले रोडवर, पहिल्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
ऋत्विजा नावाची मुलगी आमच्यापुढे समुद्र पसरते.
तीन घड्यांचा, चकचकीत.
ठिपक्या-ठिपक्यांतून जाणारी तुटक लाल रेघ,
शिवणीआधी कापडावर घालतात तसा धावदोरा.

"काका, ही अकरा रात्री, सहा देश.
ही चौदा रात्री, पाच देश, पण ह्यात ग्रीसची दोन बेटं जास्त."
मी विचारते, त्या बेटांवर पायऱ्या किती?
"गाढव मिळतं काकू, वर जायला."
सत्त्याऐंशी साली माथेरानला घोड्यावरून पडलेय मी.
गाढवाचं नाव काढू नकोस.

हे चष्मा कपाळावर चढवून
नकाशात भलतंच काही हुडकतायत.
"बसरा नाही का ह्यात?"
नाही काका.
"मोंबासा? ओदेसा?"
तिथे नाही जात कुणी, काका.

चौतीस वर्षं टॅली क्लार्क, शेड नंबर अकरा.
ह्यांना जग वासाने पाठ.
बसरा म्हणजे फुटक्या पोत्यातला खजूर, मुंग्यांसकट.
मोंबासा म्हणजे कच्चे काजू, हाताला डाग.
ओदेसाने तर महिनाभर शर्टाच्या कॉलरा पिवळ्या केल्या होत्या.
देश मी मोजत नाही ते उगाच नव्हे,
वडाळ्याच्या कॉलनीत, मोरीत बसून
ते सगळे मी धुतलेत.

"पिरिअसला सकाळी सातला लागते, पाचला सुटते."
हे इतके हसले की पाणी मागवावं लागलं.
"दहा तास? अहो, दहा तासांत आमच्याकडे
हॅच उघडायचा की नाही यावर भांडण मिटायचं नाही.
बाहेर वीस-वीस दिवस उभी असायची जहाजं,
खलाशी ओळखीचे व्हायचे."

मग तिने खालच्या खणातून एक साधा कागद काढला, फोटोशिवाय.
"मुंबईहून सुटणारी ही एकच आहे.
कोलंबो, माले, सेशेल्स. मधले दिवस नुसतं पाणी.
फारसं कुणी घेत नाही."
"सुटते कुठून?"
"बॅलार्ड पिअर. ग्रीन गेटमधून आत."

चष्मा नाकावर आला.
कागद पालथा घालून ह्यांनी तिच्याच पेनाने
गोदी काढली: झडपेचं दार, क्रेन, शेडांची रांग,
अकराव्या शेडला एक चौकोन.
"इथून टग ओढून बाहेर काढणार. मग तोंड दक्षिणेला.
म्हणजे शहर उजव्या हाताला.
आम्हाला खोली उजवीकडची पाहिजे."
"बाल्कनीचे वेगळे पडतील, काका."
"पडू देत."

दोन लाख साठ हजार. वर जीएसटी.
टॅक्सीने तीनशे रुपयांत दिसली असती ती खिडकी,
मी म्हणणार होते.
पण गेल्या दिवाळीत गेले होते हे, मिठाईचा पुडा घेऊन.
गेटवरच्या पोराने पास मागितला.
पुडा तसाच घरी आला, आम्ही आठवडाभर खाल्ला.
शेड अजून उभी आहे का,
हे आज त्या खोलीत कुणीच विचारलं नाही.

फॉर्म माझ्याकडे सरकला.
चढण्याचं बंदर मुंबई, उतरण्याचं बंदर मुंबई.
परत कधी लागते, मी विचारलं.
"पहाटे साडेपाचला आत शिरते, काकू."
आत शिरताना तोंड उत्तरेला.
मी टेबलाखाली हात फिरवून पाहिला, दोनदा.
म्हणजे आमची उजवी बाल्कनी तेव्हा
शहराकडे पाठ करून
उरणकडे बघत असणार. करंजाच्या बाजूला.
तिथे पहाटे साडेपाचला माझी आई
होडीच्या कंदिलावरून ओळखायची
कुणाचा बाप परत येतोय.

ह्यांच्या हे लक्षात आलेलं नाही.
अजून गोदीत क्रेनची दोरी काढणं चाललंय.
मी सही केली,
आणि ऋत्विजाला म्हटलं, उशी जरा कडक द्यायला सांग.