इतक्या वारांचे उपास

रायबंदरच्या धक्क्याला फेरी टेकते,
साखळ्या खडखडतात,
आणि तिथून मी गरीब होते.

अलीकडे, चोडणात, नसते.
चोडणात आमची विहीर आहे, चार माड आहेत,
पप्पांची स्कूटर आहे, मागच्या सीटला चिकटपट्टी लावलेली,
पण आहे.
अंगणवाडीतल्या पोरांच्या आया
माझ्या आईला वाटेत थांबवून बाई म्हणतात.
दुपारी हुमण असतं, उरलं तर रात्रीही.
मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

मोजायला मी अकरावीत शिकले. पणजीत.
शाल्मलीच्या बुटांवरून,
निश्काच्या केसांच्या वासावरून,
"चल ना, फक्त कॉफी" मधल्या
त्या "फक्त" वरून.

फक्त म्हणजे एकशे ऐंशी.
बिल आलं की ते पाचांत भागतात,
फोनवर, एका बोटाने, गप्पा न थांबवता.
पहिल्यांदा मी आठवड्याचे बसचे पैसे दिले
आणि पाटोपासून रायबंदरपर्यंत पाच दिवस चालले,
मिठागरांच्या कडेकडेने.
सांगितलं, मला चालायला आवडतं.
दुसऱ्यांदा तोंडातून निघालं,
"माझा उपास आहे."

किती सोपं. उपासाला कुणी का विचारत नाही.
सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा,
शुक्रवार आमच्या शांतादुर्गेचा.
संकष्टी खरी होती. एकादशी मात्र
मी कधी पंधरा दिवसांनी आणली, कधी आठ.
एलरॉय म्हणाला, तू संत होणार, बघ.
सगळे हसले. मीही.
हातात पाण्याचा ग्लास.
पाणी तिथे फुकट असतं, वर लिंबाची चकती.

वाढदिवसांच्या आदल्या रात्री मला ताप येतो.
खोटा नाही, थर्मामीटरने बघितलाय: शंभर.
झोप येत नाही तेव्हा मी
भेटवस्तूंच्या किमती मोठ्याकडून लहानाकडे म्हणते,
आणि खाली खाली जाऊनही
माझ्या आकड्याला पोचत नाही.

पोटात जळजळ सुरू झाली.
सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, वेळेवर जेवतेस?
आई म्हणाली, घरात तर ताट चाटून पुसून.
मी पंख्याकडे बघत राहिले.
गुलाबी औषध मिळालं. अभ्यासाचं टेन्शन असेल, म्हणाल्या.
असेल. अभ्यास सगळ्यालाच पुरतो.

श्रावणातल्या सोमवारी आईने विचारलं,
"करतेस माझ्याबरोबर उपास?"
"मला नाही गं जमत उपाशी राहायला."
त्या महिन्यात मी बोललेलं
ते एकच खरं वाक्य.

काल नोएलाने बाकाखालून पिशवी सरकवली.
साबुदाण्याचा चिवडा, दोन साळदाटी केळी.
"मम्मीने शेजारच्या काकूला विचारलं.
चालतं म्हणे तुम्हाला हे."
पाकिटावरचं किमतीचं लेबल
नखाने खरवडलेलं. अर्धवट.
शेवटचं शून्य राहिलं होतं.

खरवडलं, म्हणजे तिला कळलंय?
कधीपासून?
संत म्हणून हसले, तेव्हा ती हसली होती का?
मला आठवेना.
मी खाल्लं. सगळं. पिशवीचा तळ बोटाने पुसून.
डोळे भरले ते तिखटावर ढकलले.
चिवड्यात तिखट नव्हतं.

आज फेरीवर तिचा मेसेज:
"उद्या कुठला उपास?"
मागे ठिपके. तीन.
शेजारी कोळणीची रिकामी पाटी, एक गाडी,
गाडीत काच वर करून बसलेलं कुणीतरी.
मी लिहिलं, उद्या बुधवार.
खोडलं.
लिहिलं, उद्या काही नाही. उद्या भूक आहे.
आणि पाठव दाबलं.

नदीच्या मध्यावर रेंज जाते.
गोल फिरतंय अजून.
रायबंदर मागे, चोडण पुढे,
आणि मी त्या गोलाकडे बघतेय,
पोचू नये म्हणून, पोचावं म्हणून.