भांगाची भरती

पडदा नव्हताच. बालवाडीची चादर,
चार सेफ्टी पिना, कोपऱ्यात बदकाचं पिल्लू.
माझगावच्या आमच्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन
आणि चादरीवर अकरा चौकटींत ते पालक
ज्यांची मी सभेला रिकाम्या खुर्च्या मांडून वाट पाहिली.
एका चौकटीत नुसताच पंखा.
एकीत तेजलची आई, बिस्किटांच्या कारखान्यात,
टोपीत केस, ओठ हलतायत, आवाज नाही.
"माईक चालू करा, काकू!" वर्ग ओरडला.
गप्प बसा, गप्प बसा ऐकलेली चाळीस पोरं.

परीक्षक गोव्याहून. काळसेकर मॅडम, समुद्राच्या अभ्यासक.
त्यांच्या चष्म्यात आमचीच चादर दिसत होती.

हर्षाली वैतीचा थर्माकोलचा चंद्र
सायकलच्या तारेवर फिरला.
परातीतलं निळं पाणी एका अंगाला चढलं
(खाली कंपासपेटी सरकवली होती. मला ठाऊक होतं.)
मॅडमनी विचारलं, "रोज एवढंच चढतं का गं?"
हर्षालीने माझ्याकडे पाहिलं.
मी फळ्याकडे.

तेवढ्यात सातव्या चौकटीतून वारा घोंघावला,
मग भोंगा, मग माणूस:
"मी तिचा बाप. टगवर हाय, गोदीत. दाखवू का?"
आणि हो म्हणायच्या आत फोन वळला धक्क्याच्या भिंतीकडे.
"ही हिरवी रेघ शेवाळाची. पुनवेला पानी हितवर.
आज अष्टमी. भांग हाय. बघा, किती खाली ऱ्हायलं.
का, ते मॅडम सांगतील."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली,
दोन्ही हात काटकोनात धरले,
एक चंद्र, एक सूर्य, दोघं दोन दिशांना ओढणारे.
आणि बिस्किटांच्या पट्ट्याजवळ
तेजलच्या आईनेही हातमोजे घातलेले हात
तस्सेच धरून पाहिले.

अकरा वर्षं शिकवतेय मी हा शब्द, दोन गुणांसाठी.
मुलं हसायची, भांग म्हणजे केसांतला.
मी हसू द्यायचे.
मलाही दुसरा कुठे माहीत होता.

वहीत रकाना आहे: पालक हजर, होय किंवा नाही.
वैतींपुढे मी लिहिलं, पाण्यावर.

मग रेंज गेली. भिंत तेवढी थिजून राहिली चादरीवर,
आणि हर्षाली स्टुलावर चढून, फूटपट्टी लावून
शेवाळापासून पाण्यापर्यंत मोजत होती,
"बाबा, हलू नको हां,"
तो केव्हाच गेला होता तरी.